मधला थांबा

औषधाची पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती पट्टी उलटून धरायची, नाव पुटपुटत वाचायची, चिठ्ठीशी ताडून पाहायची आणि म्हणायची, "एक मिनिट हां, परत बघते."

पेणच्या माझ्या मेडिकलमध्ये ती सहा वर्षं होती. मी फार्मासिस्ट, ती मदतनीस. त्या सहा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची पट्टी गेली नाही, पण रांग मात्र दारापर्यंत जायची. एक निवृत्त मास्तर एकदा वैतागून म्हणाले, "अगं, बीपीची गोळी मागतोय, मुलगी नाही मागत." ती हसली नाही. पट्टी तिसऱ्यांदा वाचली आणि मगच दिली.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. चूक व्हायच्या आधीच त्यांना तिची धास्ती असते. मी त्यातली नाही. मी यादी करते. संपत आलेली औषधं, करायचे फोन, रविवारची घरची कामं, सगळं वहीत उतरवायचं आणि झालं की खोडायचं. ती मात्र कुलूप लावून नाक्यापर्यंत गेलेली परत यायची, इन्सुलिनचा फ्रिज चालू आहे ना ते बघायला.

ती पेणजवळच्या गडब गावची. सासरे मिठागरावर, नवरा नागोठण्याला कंपनीत ठेकेदाराकडे, शिफ्टमध्ये. मुलगी तिसरीत. स्वतः बारावी सायन्स, चांगल्या मार्कांनी. निकालानंतर महिन्याभरात लग्न. गिऱ्हाइकांसमोर मला मॅडम म्हणायची, दुकान रिकामं असलं की ताई.

एका दुपारी तिने विचारलं, फार्मसीला या वयात घेतात का. घेतात, म्हटलं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म मीच भरून दिला. दुपारच्या सामसूम वेळात ती खोक्यांच्या आड बसून बारावीची जुनी पुस्तकं वाचू लागली.

पावसाळ्यात दोन्हीकडे नाव लागलं. रोह्याकडच्या कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा आणि पेणहून एसटीने तासाभरावरच्या कॉलेजात चार वर्षांची डिग्री. शाळा सोडल्याचा असल दाखला एकच. तो एकाच ठिकाणी जमा होणार. हातात चार दिवस.

मधली तेरा वर्षं काय केलं याचं प्रतिज्ञापत्रही लागत होतं. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टने ठरलेलं वाक्य टाकलं, 'या काळात मी घरीच होते.' तिने ते दोनदा वाचलं. "घरीच कुठं व्हते? सहा वर्षं दुकानात उभी हाय." टायपिस्ट म्हणाला, सगळ्या बायकांचं हेच वाक्य असतं. तिने सही केली नाही. शेवटी त्याने कुरकुरत वाक्य बदललं.

त्या संध्याकाळी मी वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे दोन, उजवीकडे चार. डावी बाजू भराभर भरली. लवकर संपतं, काउंटरवर उभं राहायला तेवढं पुरतं, स्वतःच्या नावाची नोंदणी मिळते, मुलीच्या शाळेची वेळ जुळते; शिवाय पुढे वाटलंच तर डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. उजवीकडे दोनच ओळी झाल्या. नोकऱ्या जास्त, आणि तिला आवडेल. पान फाडून तिला दिलं. मला उत्तर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेऊन नुसती उभी राहिली, मी ती काढून घेतली तेव्हा दचकली. नवऱ्याने तू ठरव म्हणून अंग काढून घेतलं होतं. सासूचा एकच प्रश्न होता, दोन काय नि चार काय, भाकऱ्या कोण भाजील गो?

तिसऱ्या दिवशी सकाळी, शटर उघडल्या उघडल्या तिने ते पान काउंटरवर ठेवलं.

"ताई, यात तुमचा मुद्दा नाय लिवला."

"माझा कुठला?"

"दोन वर्षांत मी परत दुकानात येन, त्यो."

मी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. वर्षभर मी दुसरा फार्मासिस्ट शोधत होते, ते तिला माहीत होतं. ती रागावलेली मात्र नव्हती. पानाची घडी बोटाने दाबत हळू आवाजात म्हणाली, "धाव्वी झाली तवा बाबा बोलला, पुरे. बारावी झाली तवा लगीन. कागद हातात आला का लोकांना वाटतं, हिचं ठिकाण आलं, उतरवा हिला. दोनात मधी थांबा हाय, ताई. तिथं मला उतरवतील. मंग फुडं कोन जाऊ देतंय? चारात थांबाच नाय."

"आणि मध्येच सुटलं तर? डिप्लोमा तरी हातात राहतो. चारात अर्ध्यावर सोडलं तर काहीच नाही."

"त्येचंच भ्या वाटतंय. जेवन जात नाय."

दाखला तिने चारकडे दिला. मी सोबत होते. खिडकीतल्या क्लार्कने कागद ओढला तरी हिच्या बोटांतून सुटेना. "बाई, सोडा आता," तो म्हणाला, तेव्हा सुटला.

ती गेल्यावर काउंटरची रांग भराभर सरकू लागली आणि मी स्वतःच पट्ट्या उलट्या करून वाचायला लागले. तिची दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं ती पास झाली.

या मे महिन्यात सासू पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता अंथरुणावर. नवरा म्हणाला, एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू. हे मला गडबच्या मिनिडोरवाल्याने सांगितलं. त्याच्या सहा आसनी रिक्षात सगळ्या गावाच्या बातम्या बसलेल्या असतात. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची शेवटची तारीख मी वहीत लिहून ठेवली होती. आपण फोन करायचा नाही, असंही ठरवलं होतं. तरी तीनदा फोन हातात घेतला.

त्याच तारखेला सकाळी ती आली. काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. हातात सासूची चिठ्ठी. मी औषधं काढून दिली. सासू कशी आहे विचारलं, तर आता टेकून बसते म्हणाली. प्रवेशाचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पिशवी घेऊन ती नाक्याकडे निघाली.

गडबची मिनिडोर भरत आली होती, एकाच माणसाची जागा उरली होती. मी गिऱ्हाईक तसंच सोडून पायरीवर आले. ती वाकून ड्रायव्हरशी बोलली. पिशवी त्याच्या हँडलला अडकवली. जेवणाआधीची गोळी कुठली, नंतरची कुठली, ते बोटांवर मोजून त्याला समजावलं. त्याच्याकडून एकदा वदवूनही घेतलं. मग पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि एसटी डेपोच्या दिशेने जवळजवळ पळतच गेली.