खोली दोन रुपये फक्त

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. एका खिडकीशी खुर्ची टाकून बसा आणि येणाऱ्यानं मनात धरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागा. सहा महिन्यांत पोतंभर जमतात. मी सहा वर्षं मागत होतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा! लोकांना ऐकताना हसू येतं. मला सांगताना अजून थोडं दमायला होतं, पण ते असो.

मुळशीच्या धरणाच्या तळ्याकाठी एका खात्याचा बंगला होता. चार खोल्या, पुढं व्हरांडा आणि खाली उतारावर तंबू ठोकायला मोकळं मैदान. फाटकावर पाटी : 'खोली दोन रुपये फक्त.' हा 'फक्त' कुणी रंगवला देव जाणे, पण माझा जन्म त्यानं खाल्ला. कारण आत आल्यावर दिवाबत्तीचे आठ आणे, भांड्यांचे आठ, पाण्याचे चार, गादीचे चार, स्वच्छतेचे चार. कागदोपत्री नाव 'जादा आकार', आणि सगळे सक्तीचे. दोन रुपये ठरवून आलेला माणूस पावणेचार रुपये मोजायचा आणि माझ्याकडं असा बघायचा, की वरचे पावणेदोन मीच धोतराच्या सोग्यात बांधणार!

त्यातून मी हंगामी. दर मार्चअखेर नोकरी संपायची आणि साहेबांची मर्जी असली तर एप्रिलात पुन्हा सुरू व्हायची. कायम व्हायला अट एकच : वसुली पूर्ण, तक्रार शून्य. आता ज्यानं वसुली पूर्ण केली त्याच्याविरुद्ध तक्रार येणार नाही, हे जमायचं कसं?

मी अर्ज केला, की पाटीवर सरळ पावणेचार रुपये लिहू द्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं : 'पाटी मंजूर नमुन्याप्रमाणे आहे. रंगाचा खर्च कारकुनाने सोसू नये.' जसा काही मी रंगाचा डबा घेऊन उभाच होतो!

*

पुण्याचे एक प्राध्यापक होते. पहिल्या खेपेला पावणेचार रुपये भरून पावती घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला उतरले ते बैलगाडीभर सामान घेऊन. स्वतःचा कंदील, स्वतःची वळकटी, तांब्या-भांडी, पाण्याची कळशी आणि सगळ्यांच्या वर एक नवाकोरा खराटा!

"तुमचं काहीही वापरणार नाही," ते म्हणाले. "दोन रुपयांची पावती करा."

मी म्हटलं, "सर, वापरा अगर वापरू नका, आकार सक्तीचा आहे."

त्यांनी पैसे दिले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता बघतो, तर व्हरांड्यात आमचा कंदील मोठी वात करून जळतोय आणि शेजारी प्राध्यापक वर्तमानपत्र वाचताहेत. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी वात कमी करायला वाकलो.

"खबरदार!" ते कडाडले. "आठ आणे भरलेत. पहिले चार आणे तरी जळू द्या!"

*

आमचे खानसामा हुसेनभाई पौडचे. हात असा, की साधं पिठलं केलं तरी माणसं परत वाढून घ्यायची. पण भांड्यांचा विषय निघाला की तेही कंटाळत. नियम असा, की खोलीत एकटा उतरो की चौघं, सहा कपबश्या द्यायच्या आणि सहांचा आकार घ्यायचा.

एक नवं जोडपं आलं होतं. नवरा नुकताच बँकेत लागलेला, त्यामुळं प्रत्येक रकमेला हरकत. "आम्ही दोघं. सहा कप कशाला?"

हुसेनभाईंनी ट्रे खाली ठेवला. "दोन प्यायला, साहेब."

"आणि चार?"

"फुटायला. तुम्ही नाही फोडलेत तर मागच्या पार्टीनं फोडलेले त्यात धरतो."

नवरी इतकी हसली, की तिच्या हातातला एक कप तिथंच फुटला. हुसेनभाई शांतपणे म्हणाले, "बघा, आता तीन राहिले."

*

मैदानात तंबू ठोकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तंबूला रुपया, वर तेच जादा आकार. एकदा एका शाळेचे गुरुजी मुलांचं शिबिर घेऊन आले. भला माणूस. सगळे आकार भरले, फक्त स्वच्छतेपाशी अडले. कारण संडासाला दिवाळीपासून कुलूप होतं. दुरुस्ती मंजूर होती, गवंडी मंजूर नव्हता.

"अहो, बंद संडासाची स्वच्छता कसली?" गुरुजींचा प्रश्न बिनतोड होता. मी नुसता पावतीपुस्तकाची पानं चाळत बसलो.

आमचा चौकीदार धोंडिबा खांबाला टेकून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "गुरुजी, असं कसं बोलताय? कुलूप हाय म्हून तर सोच्छ हाय!"

गुरुजींनी चार आणे काढून दिले. धोंडिबाला, मला नाही. पुढं मला माझ्या खिशातून चार आणे घालावे लागले, कारण धोंडिबानं ते बक्षीस समजून केव्हाच कनवटीला लावले होते.

*

घरी तरी सुख होतं का? माझा मेहुणा नाशकाहून दोन दिवस राहायला आला. बायकोनं चहा पुढं केला, तर हा पठ्ठ्या कप हातात न घेताच मला विचारतो, "भाऊजी, चहा दोन आणे फक्त ना? मग बशीचं आधी सांगून ठेवा!"

बायको पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. पण खरं सांगतो, लागलं. चार वर्षांत एक पैसा इकडचा तिकडं केला नव्हता आणि घरच्या चहावरसुद्धा माणसं मला पावतीपुस्तकासारखं धरत होती.

*

पाचव्या वर्षी साहेब स्वतः मुक्कामाला आले. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे तपासणी अधिकारी. माझं कायम होणं यांच्याच हातात. दोन दिवस हुसेनभाईंनी कोंबडी, खीर, सगळं केलं. निघताना मी भीत भीत पावती पुढं केली. साहेबांना खोली माफ होती, जादा आकार माफ नव्हते.

"एक रुपया बारा आणे?" साहेब लालबुंद झाले. "हा गाढवपणा कुणी सुरू केला?"

मी गप्प राहायला हवं होतं. पण माणसाची मती ऐन वेळी फिरते म्हणतात ना, तसं झालं. मी फायलीतून परिपत्रक काढलं आणि सहीवर बोट ठेवलं.

साहेबांनी चष्मा लावला. सही बघितली, उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "सही माझीच आहे. पण मी वाचून सही करतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या वर्षीही मी हंगामीच राहिलो.

*

सहाव्या वर्षी मात्र योग दिसत होता. वसुली पूर्ण होती, तक्रार एकही नव्हती. वैशाखात साहेब तपासणीला आले तेव्हा मला कायम करण्याचे कागद त्यांच्या बॅगेत होते. हुसेनभाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. फक्त सही राहिली होती. "आजचा दिवस नीट काढा," ते मला म्हणाले, "आणि काही दाखवायला जाऊ नका!"

दुपार कलल्यावर खालच्या मैदानात एक म्हातारी आणि तिच्याबरोबर चारपाच माणसं उतरली. त्यांनी दोन काठ्यांवर घोंगडी टाकून सावली केली, तीन दगडांची चूल मांडली. दर वैशाखात पाणी उतरलं की ही मंडळी येत, दोन दिवस राहत, खाली पाण्याकडं निवद ठेवत आणि जात. पूर्वी त्यांना कुणी हटकत नसे. त्या वर्षी नवं परिपत्रक आलं होतं : मैदानात मुक्काम करील तो शिबिरार्थी, सर्व आकार लागू.

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत होते. "त्या घोंगडीची पावती झाली का?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक घेऊन खाली गेलो. "मावशी, कुठून आलात?"

"दौंडाच्या अंगानं. दोन दिस मोडलं यायला."

मी एकेक आकार सांगितला. तंबूचा रुपया, दिवाबत्ती, भांडी, पाणी, गादी, स्वच्छता. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग बरोबरच्या माणसाला म्हणाली, "किती हायेत रं तुज्यापाशी?" त्यानं कनवटीची मोड काढून हातावर घेतली. निम्मीसुद्धा नव्हती. माझ्यानं ते बघवेना. मी परिपत्रक काढून पुन्हा वाचलं. तळाशी बारीक अक्षरात एक कलम होतं : स्थानिक रहिवाशास माफी, मात्र घर दोन मैलांच्या आत असल्याची कारकुनाने समक्ष खात्री करून घ्यावी.

"मावशी, इथं जवळपास कुणा नातेवाइकाचं घर आहे का?"

"नातेवाइकाचं कशापायी? माजंच हाय की."

"कुठं?"

तिनं माझं मनगट धरलं आणि उतारावरून खाली नेलं. पाणी मागं सरलं होतं, चिखल वाळून भेगाळला होता. त्यात काळ्या दगडांचा एक चौकोन वर आला होता, पुरता गुडघाभरही नाही. मी सरळ आत पाय टाकायला गेलो.

"आवो, असं न्हाई!" तिनं मला मागं ओढलं. "तितं भित हाय. दारातनं या."

दोन दगडांमध्ये हातभर जागा मोकळी होती. मी वळसा घालून तिथून आत गेलो. कोपऱ्याकडं जाताना ती म्हणाली, "चपला काडा. हितं देव व्हते." मी काढल्या. पाय भाजत होते. तिनं एका दगडावरची माती पदरानं झटकली आणि मला बसवलं. "उनाचं आलायसा, बसा जरा," म्हणाली, आणि तांब्यातून पाणी दिलं. वर गुळाचा खडा. मी ते पाणी प्यालो. ती समोर उभी राहून, मी पिऊन होईतो थांबली.

"झाली का वसुली?" वरून साहेबांची हाक आली.

मी वर गेलो. साहेबांनी कायमचे कागद बाहेर काढून मांडीवर ठेवले होते, पेनाचं टोपणही काढलं होतं. त्यांनी रजिस्टर मागितलं. रकमेचा रकाना मी कोरा सोडला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्यासमोर उभ्या उभ्या लिहिलं :

'स्थानिक रहिवासी. घर समक्ष पाहिले. दारातून आत गेलो. पाणी प्यालो.'