दातांमधली जीभ

माझ्या माजी विद्यार्थ्यांनी सत्कारानिमित्त माझ्यावर एक गौरवपुस्तिका सिद्ध केली आहे. तिचा मसुदा मी दोनदा वाचला. तीत बरेच खोटे आहे, आणि माझ्या बोटांत पेन धरण्याचे बळ आहे तोवर ते तसे छापले जाणार नाही.

एकाने लिहिले आहे की मी वेताच्या छडीने मारत असे. साफ चूक. छडी निरगुडीची असे आणि वलवणच्या धरणाकडून मी ती स्वतः तोडून आणत असे. वेत मोडत नाही, निरगुडी मोडते. आणि छडी मोडेपर्यंत थांबायचे नाही, असा माझा नियम होता. दुसऱ्याला मी डस्टर फेकल्याचे आठवते. फेकून मारणे हे भेकडाचे काम. मी बाकापर्यंत चालत जात असे. तिसऱ्याने सुचवले आहे की आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुलांना मी हात राखून मारी. त्या मुलांना मी दुप्पट मारले. जगाने त्यांच्या चुका दुप्पट मोजल्या असत्या, म्हणून मी आधी मोजल्या.

कुसगावच्या शाळेत एकतीस वर्षे मी एकच इंग्रजी शिकवली: लंडनच्या रेडिओवरून बातम्या सांगणाऱ्यांची. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाचे ऐकून एकजण 'शेड्यूल'ला 'स्केजूल' म्हणाला, त्याच्या तळहातावर अमेरिका उमटली. 'व्हॉट इज युवर गुड नेम' असे विचारणाऱ्याला मी विचारले, तुझे वाईट नाव कोणते? आणि मारले. आज माझी नात माझ्याच जेवणाच्या टेबलावर दिवसातून दहादा 'स्केजूल' म्हणते आणि अमेरिकी कंपनीच्या कॉल सेंटरात त्याच तोंडाचा पगार घेते. असो.

सर्वांत जास्त मार 'थ'साठी पडे. आपला 'थ' दातांच्या आत होतो. त्या इंग्रजीतला होण्यासाठी जिभेचे टोक दातांच्या मधून बाहेर दिसावे लागते. पुण्याच्या कॉलेजात एका प्राध्यापकाने मला उभे करून 'थिंक' पाच वेळा म्हणायला लावले होते आणि पाचही वेळा वर्ग हसला होता. दाढीच्या आरशासमोर दोन महिने बसून मी तो 'थ' कमावला. तोच आरसा पुढे मी वर्गात नेत असे. मुलाच्या तोंडापुढे तो धरायचा. जीभ दिसली तर पुढचा, नाही दिसली तर छडी.

आता मूळ मुद्दा. पुस्तिकेत एका विद्यार्थिनीचा लेख आहे. ती आमच्याच वस्तीतली, आज लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या जिभेचे टोक दुभंगलेले आहे. आठवीत असताना शाळेच्या पायरीवरून पडून जीभ दाताखाली आली, असे तिने लिहिले आहे. तेव्हाही ती वस्तीत हेच सांगत असे. शाळेला पायऱ्या होत्या. ती पडली नव्हती.

वडीलधाऱ्यांना जीभ दाखवणे म्हणजे त्यांना वेडावणे, हे आमच्याकडे पोरींच्या अंगात मुरलेले असते. आरसा समोर आला की ती तोंडावर पदरासारखी ओढणी घेई आणि मार खाई. आठवडाभर खाल्ला. एका सकाळी छडी आधीच कोणाच्या तरी पाठीवर मोडली होती. मी आरसा धरला. तिने माझ्या डोळ्यांत पाहिले आणि जिभेचे टोक दातांच्या मधून बाहेर काढले. मागच्या बाकावर कोणी फसकन हसले. मला तो कॉलेजातला वर्ग ऐकू आला. ही मला वेडावते आहे, असे वाटले, आणि मी उजव्या हाताने तिच्या गालावर सर्व ताकदीनिशी मारले. दात मिटले. रक्त आरशावर उडाले. मी आरसा धोतराला पुसला आणि पुढच्याच्या तोंडासमोर धरला. तो ताबडतोब बरोबर म्हणाला.

मागच्या आठवड्यात समितीची मंडळी दुपारी माझ्या घरी जमली. सुट्टीवर आलेली तीही होती. मी म्हणालो, पायरी खोडा आणि माझा हात लिहा. उर्स्याच्या टोलनाक्यावर सुपरवायझर असलेला समितीचा प्रमुख हसून म्हणाला, "सर, जुनं कशाला उकरायचं? तुमच्या मारानंच आम्ही घडलो." मी काठी उचलली आणि टेबलावर हाणली. दोन कप फुटले, चहा मसुद्यावर सांडला, कपाची कपची त्याच्या मनगटात शिरली. माझ्या मारामुळे काय घडले ते तुझ्याशेजारी बसले आहे, असे मी त्याला सांगितले.

मग ती बोलली. तिच्या वॉर्डात आयर्लंडच्या म्हाताऱ्या आहेत, पूर्व लंडनचे म्हातारे आहेत, तिथलीच माणसे. "कोणी 'टिंक' म्हणतंय, कोणी 'फिंक' म्हणतंय, सर. कोणी कोणाला मारत नाही. दाताखाली जीभ माझ्या एकटीचीच गेली." मसुद्यावरचा चहा टिपत ती म्हणाली, "पण पायरी राहू द्या. आईला मी तेच सांगितलंय. खरं कळलं असतं तर तिनं शाळा सोडवली असती."

म्हणजे ते खोटे माझ्यासाठी नव्हतेच. मला वाचवायला ती खोटे बोलली, असे इतकी वर्षे मानून मी मनात मिरवत होतो.

दुसऱ्या सकाळी मी वलवणच्या वस्तीत तिच्या आईकडे गेलो. ती ओसरीवर वाल निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले: अक्का, तुमच्या लेकीची जीभ मी तोडली. तिने मान वर केली नाही.

"ठावं हाय. पायरीवरनं पडल्याली पोर असती, तर गालावर चार बोटं उठली नसती, गुरुजी."

मग शाळेत जाब विचारायला का आला नाहीत, असे मी विचारले.

"आलते की. कोयता घिऊन दोन दिस शाळंच्या मागं हुबी व्हते." तिने सुपातला खडा वेचून अंगणात भिरकावला. "तुमी मेला असता, मी तुरुंगात गेले असते, आन पोर कुणाच्या तरी बांधावर खुरपं घिऊन. म्हून गेले परत. तुमच्यासाटी न्हाई."

तिने मला बसा म्हटले नाही. मी निघालो तेव्हा सूप पुन्हा हलू लागले होते.

समितीतल्या एकाने हे ऐकून कालच फोन केला: "म्हणजे माउलीनं माफ केलं, सर. हे लिहू या." तिने माफ केलेले नाही. तसे लिहिणाऱ्याच्या दारात मी काठी घेऊन येईन. तिच्या लेकीला आता आईपासून लपवण्यासारखे काही उरलेले नाही, आणि खरे छापायला लेकीने होकार दिला आहे. तेव्हा पायरीच्या जागी माझे हे वाक्य जाईल, नाहीतर सत्काराला मी येणार नाही: शिक्षकाने मुलीच्या तोंडावर मारले, आणि त्या क्षणी तिचा 'थ' बरोबर होता.