ट्रॉल्यांच्या शेडपाशी थर्ड बेस

साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या ड्यूटीवर जाताना आमच्या बसस्टॉपवर भेटणारे ते म्हातारे गृहस्थ सुपरमार्केटच्या कार पार्कमधून कधी सरळ आले नाहीत. दिव्याच्या खांबाला हात, रिसायकलिंगच्या डब्याला हात, ट्रॉल्यांच्या शेडला हात, असा वळसा घेत यायचे. मला वाटायचं, वय झालंय.

"इथं बेसबॉलचं मैदान होतं," एकदा ते म्हणाले. आधी गोदी कामगारांची टीम, ती मोडल्यावर बस डेपोवाल्यांची, मग दोन्हींतल्या उरलेल्यांची. बघायला फक्त बायका, मांडीवर विणकाम घेऊन. टाके सुटतील म्हणून टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. पळणाऱ्यानं तिन्ही बेसना शिवून होमला यायचं, एक जरी राहिला तरी आउट. होम म्हणजे आमचा बसस्टॉप. नीट पोचला की अंपायर दोन्ही हात आडवे पसरणार, आपल्याकडे वाइडला पसरतात तसे. सेफ! ते इतकं संथ बोलायचे की मला डांबराखालच्या गवताचा वास यायचा.

एका धुक्याच्या दुपारी ते बसच्या दाराशी पोचले, थबकले आणि पिशवी माझ्या हातात देऊन मागे वळले.

"थर्ड राहिला, डॉक्टर."

"अहो, बस जाईल!" मी चक्क मराठीत ओरडले.

ड्रायव्हर कुरकुरला. मी एक पाय पायरीवर, एक फुटपाथवर ठेवून उभी राहिले. धुक्यात शेडचा पत्रा वाजला आणि ते धावत आले. खरंच धावत. धापा टाकत माझ्याकडे बघत राहिले.

मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले.

त्यांनी टोपी काढली. मागे धुक्यात कुणीतरी विणकाम बाजूला ठेवलं असावं.