पेट्रोलचा कॉक

सदर बाजारातलं पार्किंग सांभाळणारा तो म्हातारा प्रत्येक गाडीचं हँडल सरळ करी, स्टँड हलवून पाही आणि मगच पुढच्या गाडीकडे वळे. माझ्या जुन्या मोटरसायकलचं पेट्रोल महिनाभर कमी होत होतं. हातगाडीवर धंदा सुरू करून स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेल्या मला सगळे लुटायलाच बसलेत असं वाटतं. एका दुपारी त्याचा हात टाकीखालच्या, पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकवर दिसला आणि मी चारचौघांत त्याला चोर म्हटलं.

"वास आला म्हून बंद करून राहिलो, साहेब. तुम्ही चालूच सोडून गेलते."

त्याने गाडीखालचा ओला डाग दाखवला. मालाच्या भावासाठी तासभर भांडणाऱ्या माझ्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही.

आता मी कॉक आठवणीने बंद करतो. तो अजूनही सगळ्यांच्या गाड्या सरळ करतो. माझ्या गाडीला मात्र हात लावत नाही.