डोंगरापलीकडचा दवाखाना आणि सुमनताई

लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा दरड पडून डोंगरातला रस्ता बंद होता. आमची घरं डोंगराच्या या बाजूला, त्यांचं डायलिसिस पलीकडे, लोअर हट शहरातल्या दवाखान्यात. ते चुकलं होतं. हेलिकॉप्टर येणार म्हणत होते, पण ढग हटेनात... मला ज्याची भीती होती तेच झालं.

त्या नागपूरच्या, नर्सची नोकरी संपल्यावर इकडे परदेशात लेकीकडे आलेल्या. मी माझ्या मुलाकडे, नितीनकडे. सोबत म्हणून त्यांच्याबरोबर गाडीत जायची. एकीकडे कडा, एकीकडे दरी. मी डोळे मिटून त्यांचा हात घट्ट धरायची. "पेशंट मी आहे का तुम्ही?" त्या विचारायच्या.

मग इथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या. कर्जरोखे काढून नवा रस्ता करायचा का, हो की नाही. रोखे फिटेपर्यंत प्रत्येक घराला रेट्समधून, म्हणजे घरपट्टीतून, वाटा भरावा लागणार होता. नितीन म्हणाला, "आई, रेट्स हीप्स वाढतील, फारच. 'नाही'वर खूण कर." घरावर कर्ज मलाही नकोच वाटत होतं. मतपत्रिका घेऊन सुमनताईंकडे गेले. त्यांनी पेन दिलं आणि चहा ठेवायला उठल्या.

"कशावर करू?"

"मी नाही सांगत. हे मत मिळावं म्हणून आपल्या माणसांनी काय काय सोसलं, अन् तुम्ही मला विचारता?"

"तुम्ही कशावर केली?"

"सांगितलं तर तुम्ही तेच कराल. रस्ता होईस्तोवर मी असेन का नसेन... माझ्यासाठी नका करू."

'हो'वर खूण केली. घरच्यांचं न ऐकता केलेलं ते माझं पहिलं काम. त्यांनी कशावर केली, मला आजही ठाऊक नाही.

'हो' जिंकलं. मी घाबरत घाबरत नितीनला खरं सांगितलं. तो हसला. "स्वीट ॲज, आई," म्हणजे काही हरकत नाही. व्याज नको म्हणून त्याने आमच्या घराचा वाटा एकदम भरून टाकला. माझी झोप मात्र गेली. कर्ज माझ्या खुणेने आलं, तेव्हा मीच फेडणार म्हटलं आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले. सुमनताई शेजारी बसून वेलची सोलायच्या. "कौन्सिल कर्ज काढून घोरतंय, अन् जागी कोण, तर ही बाई," म्हणायच्या. पुढे हात सुजले, तरी यायच्या.

नवा रस्ता अजून अर्धाच झालाय. नितीन रोज जुन्याच रस्त्याने कामाला जातो. पाऊस लागला की त्याची गाडी दारात येईपर्यंत मी ओट्याशी नुसती उभी असते, हाताला काही सुचत नाही. सुमनताईंसाठी बुद्धवंदना ठेवली त्या दिवशीही तो पलीकडून येत होता. सगळे डोळे मिटून बसले होते आणि माझे कान गाडीच्या आवाजाकडे होते...

काल पोळ्यांच्या कमाईतून, त्याने भरलेल्या वाट्याचे राहिलेले शेवटचे पैसे त्याच्या हातात ठेवले. त्याने नको म्हटलं नाही, मोजलेही नाहीत. "फिटलं, आई. सगळं फिटलं."