शनवारची चूल

मलिद्याचं ताट मधोमध ठेवलेलं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, भोवती फळं. घरात मूल झालं, म्हणून एलियाहू नबीचा नवस फेडत होते. प्रार्थना संपली. सगळ्यांचे हात ताटाकडे गेले. मीही हात पुढे केला.

घरच्या आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुझा हात नको ताटात. बाहेरनं आलेली तू, आमच्यातली हायस काय? उंबऱ्यापाशी बस गो. पानावर देते."

ते पोहे मीच कांडले होते.

मी वरंधची, कुणब्याची विधवा. महाडात या इस्राएल, म्हणजे यहुदी लोकांकडे कामाला राहिले. धंदा तेलाचा, शनवार पाळतात, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणतो. त्या दिवशी घाणा बंद. चूलसुद्धा पेटवायची नाही. मग ती मी पेटवायची, मला कुठे पाप लागत होतं! पण त्या थांबलेल्या घाण्यात माझा जीव अडकला. बैलसुद्धा निवांत रवंथ करायचा. मला जन्मात कुठल्या देवानं 'बस जरा' म्हटलं होतं? लग्नासाठी नाही, पोटासाठी नाही, त्या दिवसासाठी मी त्यांचा धर्म घेतला. सावित्री नदीत बुडी मारली. शेमा, त्यांची रोजची प्रार्थना, पाठ केला. आईनं दारातून हाकललं, तेही सोसलं.

मोलकरीण होते तोवर माझ्या हातचं सगळं चाललं. त्यांच्यातली झाले आणि हाताला विटाळ आला. वा रे न्याय!

पान तिथेच ठेवून मी उठले.

पुढच्याच शनवारी सकाळी आत्याबाईंना चहाची तलफ आली.

"चूल पेटव गो."

"आज शनवार हाय."

"तुला कसला शनवार?"

मी फळीकडे बोट केलं.

"मलिद्याला मी तुमची नाय, तर चुलीला पण नाय. शनवार मी तुमच्याकडनं उसना नाय घेतला. काडेपेटी फळीवर हाय. पेटवा तुम्ही."

आत्याबाईंनी काडेपेटीला हात लावला नाही. मीही नाही. चहा राहिला. दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं.

आता दारोदार भात कांडते. काम धरतानाच सांगते, शनवारी येणार नाही. पटलं तर ठेवा. मलिदा माझ्या खोपटात करते, ताट मधोमध ठेवते. त्यांच्यातलं कोणी येत नाही. न येवोत. दार उघडं टाकून शेमा मी मोठ्यानं म्हणते.

शनवारी माझी चूल थंड असते. ती माझ्याकडून पेटवून घेणारा अजून जन्माला यायचाय.