जेवणाच्या टेबलावरचा दिवा

आमच्या ह्यांनी तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर गवत कापलं आणि सोमवारी मैदान बंद असलं की हे तिथेच खेळायचे. यंदा खांदा धरला, तेव्हा तिथला कोच म्हणाला, "काका, स्विंग बदला. काठी फिरवताना हात खांद्याच्या वर जाता कामा नये."

झालं! अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पुन्हा पहिलीत बसला. मैदानावर चेंडू धड दहा पावलं जाईना, म्हणून घरात छत्री घेऊन सराव सुरू झाला. जुन्या सवयीनं छत्री वर जायची आणि जेवणाच्या टेबलावर टांगलेल्या दिव्यावर खाडकन आपटायची. दोन शेड फुटल्या. मी तोंडाचा पट्टा सोडला, तर म्हणे, "दिवा वाचला की समजायचं, जमलं."

परवा मात्र त्यांनी छत्री कोपऱ्यात फेकली. "नाही जमत मला. संपलं."

शेड गेल्या खड्ड्यात, पण हे ऐकवेना. काल ते कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढले, वायर गुंडाळली आणि दिवा चांगला वीतभर वर बांधला.

संध्याकाळी मीच छत्री त्यांच्या हातात दिली, ती सपकन फिरली. दिवा जागचा हलला नाही.

"बघितलंस?" त्यांचा चेहरा असा फुलला!

"बघितलं हो," मी म्हटलं.

जेवायला बसलो. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग हळूच वर.

"आज उजेड जरा लांबून येतोय."

मी मान खाली घातली. त्यांनी तांब्या उचलला. मग माझ्या पेल्यात पाणी ओतत म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे. उद्या खाली घे."